उजवा कौल

खारवण्यात देवाला मानणारी माणसं एकूण बावीस उरली आहेत, असं विश्राम गुरवाला त्याच्या मुलीने सांगितलं, तेव्हा वाईट वाटण्याऐवजी त्याला हसूच आलं. त्याचा अंदाज पंधराचा होता.

खारवणे हे सिंधुदुर्गातल्या एका खाडीच्या काठावरचं गाव. घरं एकशे चौसष्ट, वाड्या दोन आणि पक्षही दोन. वरच्या वाडीचे ते शिडीवाले आणि खालच्या वाडीचे ते टोपलीवाले. निवडणुकीच्या चिन्हांवरून पडलेली नावं. पूर्वी निवडणूक पाच वर्षांनी यायची आणि महिन्याभरात तिचा धुरळा खाली बसायचा. आता ती प्रत्येकाच्या फोनमध्ये बारमाही चालू असते, त्यामुळे धुरळा बसायला सवड म्हणून मिळत नाही. गावात किराणा दुकानं दोन झाली, मासळीवाल्या दोन झाल्या. गेल्या साली वरच्या वाडीतली एक म्हातारी गेली, तेव्हा तिच्या खालच्या वाडीतल्या सख्ख्या भावाला कुणी खांदा देऊ दिला नाही आणि त्यानेही मागितला नाही. अशा गावात पावणाईच्या देवळाला कोण विचारतो? पालखीचा पुढचा दांडा कुणी धरायचा यावरून जत्रा बंद पडली, त्याला अकरा वर्षं झाली. पहिली दोन-तीन वर्षं लोक हळहळले. मग ती हळहळसुद्धा बंद पडली. चौसष्ट वर्षांचा विश्राम रोज सकाळी देवळात दिवा लावून यायचा, तोही सवयीने. दिवा लावला नाही तर दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं वाटे, इतकंच.

दोन हजार सत्तेचाळीस सालच्या त्या पावसाळ्यात खाडीने मात्र दोन्ही पक्षांना सारखंच धरलं. समुद्र वीतभर चढला होता. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून आजे-पणज्यांनी मातीचा बांध घातलेला, त्याला खारबांध म्हणतात. दोन वर्षांत तो तीनदा फुटला. एकतीस विहिरी खारट झाल्या. सरकारी इंजिनियर येऊन सांगून गेले की जुन्या जागी बांध टिकायचा नाही, मागे घ्यावा लागेल आणि बांधाच्या बाहेर जी जमीन राहील तिच्यावर पाणी सोडावं लागेल. मागे घ्यायच्या जागा दोनच होत्या. उत्तरेच्या रेषेवर घातला तर खालच्या वाडीची शेतं खाडीत जात होती, दक्षिणेच्या रेषेवर घातला तर वरच्या वाडीची. ज्येष्ठातल्या मोठ्या उधाणाआधी बांध उभा राहिला नाही, तर सगळ्यांचीच जाणार होती. हे सगळ्यांना कळत होतं, आणि तरी आधी समोरच्याची जाऊ दे असंच जो तो म्हणत होता.

अशा वेळी विश्रामची मुलगी केतकी 'समेट' घेऊन गावात आली. ती पुण्यात एका संशोधन संस्थेत होती आणि समेट हे तिच्या गटाने बनवलेलं यंत्र. दिसायला धान्याच्या डब्याएवढी राखाडी पेटी, वर एक जाळी. गावच्या बंद पडलेल्या वाचनालयात ती मांडली. ज्याने त्याने यायचं, दार लावून घ्यायचं आणि पेटीशी बोलायचं. पेटी माणसाच्या शब्दांपेक्षा त्याचा आवाज ऐकते, असं केतकीने ग्रामसभेत समजावून सांगितलं होतं. 'जीव गेला तरी जमीन देणार नाही,' असं सगळेच म्हणतात. पण म्हणताना आवाज कुठे किंचित ढिला पडतो, कुठल्या प्रश्नानंतर माणूस अर्धा श्वास जास्त थांबतो, हे हजारो माणसांच्या बोलण्यावरून यंत्र शिकलेलं होतं. त्यावरून कुणाला खरोखर काय सोडवत नाही आणि कुणाला काय सोडता येईल, याचा ते अदमास घेई. मग सगळ्या घरांचे अदमास एकमेकांवर ठेवून, जास्तीत जास्त माणसांना गिळता येईल असा तोडगा काढी. एकेकट्याचं बोलणं मात्र मोहोरबंद. ते उघडायची केतकीलासुद्धा कायद्याने बंदी होती.

यंत्रावर भरवसा कुणाचाच नव्हता. तरी झाडून सगळं गाव येऊन बोलून गेलं, कारण आपण गेलो नाही तर पेटीच्या कानावर फक्त समोरच्यांचं पडेल, ही दोन्ही वाड्यांना धास्ती होती. विश्रामही गेला. पहिल्यांदा मुलीच्या शब्दाखातर, आणि मग सांगायला लाज वाटावी असं होतं, पण आठवड्यातून दोनदा जाऊ लागला. घरात बोलायला माणूस नव्हतं. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं ते त्याने त्या जाळीला सांगून टाकलं. की देव आहे की नाही हे आपल्याला कळेनासं झालंय. पण कौल लावताना पाकळीला हात द्यायचा नाही एवढं कळतं आणि चाळीस वर्षांत तो दिलेला नाही.

हे कौल प्रकरण जरा सांगायला हवं. गावात भाऊबंदकीचा, बांधाचा, पाण्याचा असा काही तंटा झाला आणि माणसांना तो सुटेना, की गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर उजवा कौल, डावी पडली तर डावा. मग त्यावर बोलणं नाही. अर्थात बोलणं व्हायचंच. हरलेला माणूस घरी जाताना हमखास म्हणायचा की गुरवाने हात मारला. विश्रामच्या बापाने त्याला लबाडी कशी करतात हे एकदा मुद्दाम दाखवून ठेवलं होतं. एका पाकळीखाली अंगठा जरा दाबून फिरवायचा, ती धरून राहते. दुसरी नुसती टेकवायची. हे दाखवून बाप म्हणाला होता की ह्या अंगठ्यावर तुझी जन्मभर नजर असू दे. विश्रामने ती ठेवली. गावाचा विश्वास बसला नाही, तो भाग वेगळा.

माघाच्या शेवटी केतकी यंत्राचा कागद घेऊन दुपारी घरी आली. विश्राम पडवीत कोकमाची जुनी सोलं उन्हाला घालत होता. ती त्याच्या शेजारी बसली आणि त्या बावीस माणसांचं सांगू लागली. यंत्राने प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले होते. तुमचा पावणाईवर विश्वास आहे का? बावीस जण हो म्हणाले. आणि समोरच्या वाडीतल्या लोकांचा आहे का? त्यावर जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं होतं की असणारच, ते लोक अजून मागासलेले आहेत, देवीचा शब्द मोडायची त्यांची छाती नाही.

केतकीच्या डोळ्यांत हे सांगताना चमक आली होती. म्हणाली, कलेक्टरांनी निर्णय दिला तर गावातले सतरा टक्के लोक मानतील, कोर्टाने दिला तर चोवीस, यंत्राने दिला तर एकोणतीस. देवीने दिला तर अठ्ठ्याऐंशी. स्वतःचा विश्वास त्या बावीस जणांपलीकडे कुणाचाच नाही. पण समोरचा बांधला जाईल असं प्रत्येकाला वाटतं, आणि समोरचा बांधला जाणार असेल तर आपणही बांधून घ्यायला कुणाची हरकत नाही. सगळी सहकारी कामं याच एका गोष्टीवर चालतात, दुसरा पळून जाणार नाही एवढ्या खात्रीवर. देव ही खात्री द्यायचा. तो गेला आणि त्या जागी दुसरं कुणी आलंच नाही.

मग तिने आवाज खाली आणला. उत्तरेच्या रेषेचा बांध दक्षिणेच्या बांधापेक्षा चार वर्षं जास्त टिकेल, असं तिच्या हिशेबाने निघत होतं. म्हणून कौल उजवा, म्हणजे उत्तरेच्या रेषेचा, यायला हवा होता.

विश्रामने सोलं परतायची थांबवली. कागद मागून घेतला, चष्मा शोधला, दोनदा वाचला. कागदावर शेवटी असं लिहिलं होतं: 'दोन्ही आराखडे सारखेच मान्य होण्याजोगे आहेत. ज्यांची शेतं जातील त्यांना उरलेल्या प्रत्येकाने आपल्या जमिनीतली पट्टी द्यावी. दोहोंतील निवड ग्रामप्रथेप्रमाणे, गुरवांच्या हातून, सर्वांसमोर व्हावी.'

"ह्याच्यात पाकळी पाडूक खंय सांगलेला आसा?" त्याने विचारलं.

"ते यंत्र कशाला सांगेल? ते मी सांगतेय." वीस वर्षं पुण्यात काढल्यावर केतकीच्या तोंडातली मालवणी गेली होती. "बाबा, चार वर्षं म्हणजे थोडी नाहीत. आजवर लोकांसाठी केलंत, एकदा गावासाठी करा."

आजवर लोकांसाठी केलंत. विश्रामला ते शब्द लागले, आणि लागले ते वर्मावर. यंत्राने त्याचं तीन महिने ऐकून घेतलं होतं आणि ह्या माणसाच्या हाताने निवड व्हावी असं लिहिलं होतं. पाकळी पाडा असं कुठेच लिहिलं नव्हतं. एका पेटीला जे कळलं ते पोटच्या पोरीला कळलं नव्हतं, आणि त्याचा दोषही तिला पूर्ण देता येत नव्हता. ती नऊ वर्षांची असताना शाळेतून रडत आली होती. पोरं तिला म्हणाली होती की तुझा बाप दोन पोती तांदूळ घेऊन देवीला फिरवतो. तिने घरी येऊन विचारलं, खरं काय? विश्रामने उत्तर द्यायच्या ऐवजी तिच्या थोबाडीत मारली. त्याच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी चूक होती. निर्दोष माणूस मारत नाही, असं पोरीने तेव्हा धरलं आणि ते तसंच राहिलं.

आता सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण तीस वर्षं उशिरा सांगितलेली गोष्ट सबबीसारखीच वाजणार. तो फक्त म्हणाला की बघतो. केतकीने त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि ती चहा टाकायला आत गेली.

फाल्गुनातल्या दशमीला सकाळी देऊळ भरलं. अकरा वर्षांनी एवढी माणसं बघून देवळातली वटवाघळं बिथरली. वरच्या वाडीचे पुढारी बुधाजी मेस्त्री उजव्या खांबाला टेकून उभे होते, खालच्या वाडीचे रमाकांत घाडी डाव्या. दोघांनी आधीच अटी घालून ठेवल्या होत्या. पाणी घाडींच्या विहिरीचं, पाकळ्या मेस्त्रींच्या परसातल्या तगरीच्या. चार कोपऱ्यांत चार फोन लावलेले, दोन ह्या पक्षाचे, दोन त्या. वर दोघांच्या देखत गुरवाने साबणाने हात धुवायचे, म्हणजे तेलबिल लावलेलं असेल तर जाईल. विश्रामने मुकाट्याने हात धुतले. एखाद्या चोराची झडती घ्यावी तसं गाव त्याच्या बोटांकडे बघत होतं.

"गुरवानू, सरळ हातान लावा हां," मेस्त्री म्हणाले.

"त्येंका सांगूक नको, त्येंका सगळा म्हायत आसा," घाडी म्हणाले, आणि दोन्ही खांबांकडची माणसं हसली. एकाच गोष्टीवर दोन्ही वाड्या हसल्याला फार दिवस झाले होते.

विश्राम पाषाणाकडे वळला आणि गाऱ्हाणं घालू लागला. "बा आई पावणाई म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायांकडे जमली आसत."

मागे क्षणभर काहीच नाही. मग कुठूनतरी दोन-चार म्हाताऱ्यांचं आलं, "व्हय म्हाराजा."

"खाडयेचा पाणी आत येवक बघता. बांध खंय घालूचो ता आमका कळणा नाय."

"व्हय म्हाराजा." आता पन्नास-साठ आवाज होते.

"तर तू कौल देवन ह्या लेकरांका एक वाट दाखव. आणि दाखवलेली वाट जो मोडीत, तेचा तू बघून घे."

"व्हय म्हाराजा," सगळं देऊळ म्हणालं. मेस्त्रीही म्हणाले, घाडीही म्हणाले, आणि म्हणताना दोघांनी चोरून एकमेकांच्या तोंडाकडे पाहून घेतलं, की हा म्हणतोय ना. विश्रामच्या अंगावर काटा आला. देवीमुळे आला की त्या आवाजामुळे, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याने डावी पाकळी पाण्यात बुडवून लावली. आता उजवी. केतकी दाराशी उभी होती; तिच्याकडे न बघताही त्याला ते कळत होतं. चार वर्षं. चार पावसाळे एकतीस विहिरींना गोडं पाणी. डावी नीट बसवल्यासारखं करून तिच्याखाली अंगठा जरासा फिरवला की काम झालं, फोनलाही दिसणार नाही. शिवाय मुलगी खूश होईल. आणि मरेपर्यंत सगळं गाव म्हणणारच आहे की ह्याने केलं, मग खरंच केलं तर काय बिघडलं? हा विचार इतका सरळ आणि गुळगुळीत होता की विश्रामला त्याचाच संशय आला. अंगठा दुमडून त्याने तळव्यात घट्ट धरला, दोन बोटांनी उजवी पाकळी लावली, जशी डावी लावली होती अगदी तशीच, आणि हात मागे घेतला.

मग वाट बघणं आलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणी खोकलं नाही. विश्राम मनात म्हणत होता की डावी पडू दे. चार वर्षं गेली तर जाऊ देत, पण डावी पडू दे, म्हणजे निदान एका माणसाला, दाराशी उभ्या पोरीला, कळेल. एवढं मनापासून त्याने त्या देवीकडे कितीतरी वर्षांत काही मागितलं नव्हतं.

उजवी पाकळी खालून थोडी सुटली, लोंबली आणि पडली.

घाडींचं तोंड उतरलं. खालच्या वाडीची शेतं खाडीत जाणार होती. ते काही बोलायला गेले, पण त्यांनी वरच्या वाडीच्या लोकांकडे पाहिलं, ते सगळे हात जोडून उभे होते, आणि घाडींनीही हात जोडले. दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीने ठरलेल्या पट्ट्या आखून दिल्या. आठवड्याने मेस्त्री आणि घाडी बांधावर एकाच घमेल्याला दोन्हीकडून धरून माती टाकताना दिसले. बोलत नव्हते, पण घमेलं सांडतही नव्हते. चैत्र संपायच्या आत बांध उभा राहिला.

बांध झाल्यावर केतकी निघायच्या आदल्या संध्याकाळी पडवीत त्याच्याजवळ येऊन बसली. कौल झाल्या दिवशी तिने वाकून नमस्कार केला होता आणि हळूच म्हटलं होतं की मला ठाऊक होतं तुम्ही कराल. विश्राम तेव्हा एवढंच म्हणाला होता की मी काही केलं नाही, आणि ती समजूतदारपणे हसली होती, असंच म्हणायचं असतं म्हणून. आता तिच्याजवळ नवीन बातमी होती. खारवण्याचा प्रयोग सरकारला फार आवडला होता. किनाऱ्यावरची आणखी सतरा गावं घेतली होती. तिने अहवालात लिहिलं होतं की गुरवाला विश्वासात घेतलं तर कौल हव्या त्या बाजूला आणता येतो. फक्त पुढच्या गावचा गुरव भित्रा होता, तयार होत नव्हता. बाबांनी येऊन त्याला चार युक्तीच्या गोष्टी सांगाव्यात, अंगठा कसा, पाणी किती. गाडी सकाळी येईल.

विश्रामने आयुष्यभर जे केलं नव्हतं, ते आता सतरा गावांत केलं जाणार होतं, आणि त्याला आधार म्हणून त्याचंच नाव दिलेलं होतं. ही गोष्ट सोडून देण्यासारखी नव्हती.

"केतकी, मी पाकळेक हात देवक नाय," तो म्हणाला. "त्या दिवशी नाय आणि तेच्या आदीपण कधी नाय. शाळेतसून रडत इललंस, तेव्हा मी तुका मारलंय. माका राग पोरांचो इललो. तेव्हाच तुका ह्या सांगूक होया होता."

केतकीने त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. "मग उजवी कशी पडली?"

"पडली."

तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येऊन गेलं. हे खरं असेल तर अहवाल खोटा होता. मग सरकारला सांगावं लागणार होतं की खारवण्यात उजवी पडली ती नशिबाने, आणि कौल सरळ लागला तो एका प्रामाणिक माणसामुळे, जो सतरा गावांत सतरा वेळा मिळेलच असं नाही. तिची सहा वर्षांची मेहनत एका बाजूला आणि हातात सोलांचे डाग पडलेला बाप दुसऱ्या बाजूला.

"माझ्यार विश्वास ठेवतंस?" विश्रामने विचारलं. "इतक्याच सांग. अव्हालाचा काय ता तुझा तू बघ."

ती अर्धा श्वास थांबली. मग तिने त्याचा हात हातात घेतला आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलली.

"ठेवतंय, बाबा."

हेच ऐकण्यासाठी विश्राम तीस वर्षं थांबला होता. त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. ती हे मनापासून म्हणतेय, की उद्या सकाळी आपण गाडीत बसावं म्हणून म्हणतेय? पोटची पोर होती, जन्मापासून ओळखत होता. तरी कितीही निरखून पाहिलं, तरी ते त्याला कळेना.